सगळे म्हणतात पांढरी घ्या, मला मात्र मरून आवडली आहे

पत्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. वय पन्नाशीच्या आसपास. इतकी वर्षं शाळेत आधी एसटीने आणि मग स्कूटीवरून गेल्या, आता स्वतःच्या पैशांतून पहिली चारचाकी घेत आहेत. शाळा शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. गाडी दिवसभर शाळेच्या मैदानात उन्हात उभी राहणार आणि घरी सोसायटीतही शेड नाही. माहेर राजापूर तालुक्यात, त्यामुळे मे महिन्यात आणि गणपतीला कोकणात जाणं ठरलेलं. शोरूममध्ये त्यांना गडद मरून रंगाची गाडी बघताक्षणी आवडली. पण यजमान म्हणतात, सोलापूरच्या उन्हात पांढरीच बरी. दीर म्हणतात, "वहिनी, पांढरीच घ्या, विकताना दोन पैसे जास्त येतात." पुण्यातला मुलगा फोनवर म्हणतो, "आई, पांढरी नको, टॅक्सी वाटते." शेजारीण म्हणते, पांढरी फार मळते. शोरूमवाल्याकडे पांढरी तयार आहे, आठवड्यात मिळेल. मरूनला दीड-दोन महिन्यांचं वेटिंग, म्हणजे दसरा हुकणार. त्यात पांढऱ्यातही दोन प्रकार आहेत, साधा आणि मोत्याची झाक असलेला पर्ल, आणि पर्लला पैसे जास्त. ताई विचारतात: पांढरी घेतली तर पुढे मनात खंत राहील का? आणि मरूनच हवी म्हटलं तर तो शहाणपणा ठरेल का?

ताई, नमस्कार.

आधी गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून पहिली गाडी घेणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्या रंगाचा इतका विचार करावासा वाटणं अगदी योग्य आहे. पत्र वाचताना एक जाणवलं. यजमानांचं, दिरांचं, मुलाचं, शेजारणीचं म्हणणं तुम्ही कारणं म्हणून मांडलंत. तुम्हाला स्वतःला काय आवडलं हे मात्र जरा संकोचाने, शेवटच्या दोन ओळींत लिहिलंत. म्हणून आधी ती सगळी कारणं एकेक करून तपासू. त्यांतली काही खरी आहेत, काही अर्धी खरी, आणि एक-दोन तर तुमच्या परिस्थितीला लागूच पडत नाहीत.

यजमानांचा उन्हाचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. पांढरा किंवा चंदेरी रंग अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण ६० टक्के परत फेकतो. काळा रंग जवळपास सगळंच शोषतो आणि गडद मरून त्याच्याच जवळचा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, शेजारी शेजारी उन्हात उभ्या करून मोजमाप केलं होतं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. काळ्या गाडीचं छत चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं. गाडीच्या आतल्या हवेतला फरक मात्र ५ ते ६ अंशांचा निघाला.

या दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे तुमच्या कामाचं आहे. गाडीत उष्णता छतातून येते, पण त्याहून जास्त ती काचांमधून येते. पुढच्या मोठ्या तिरप्या काचेतून ऊन थेट डॅशबोर्डवर आणि सीटवर पडतं, आतल्या काळ्या प्लास्टिकला तापवतं आणि ती उष्णता बंद काचांच्या आत कोंडून राहते. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी बारा वाजता पांढऱ्या गाडीचं दार उघडलंत तरी तोंडावर वाफच येणार आहे. स्टिअरिंगला हात लावता येणार नाही, सीटबेल्टचं धातूचं कुलूप चटका देणार. मरूनमध्ये हे सगळं थोडं जास्त होईल, आणि एसीला गाडी गार करायला थोडा जास्त वेळ लागेल. फरक खरा आहे. पण एका गाडीत थंडावा आणि दुसरीत भट्टी असं चित्र तुमच्यासमोर उभं केलं गेलं असेल, तर ते बरोबर नाही.

आता तुमचं वेळापत्रक बघा. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची, म्हणजे गाडी मैदानात जेमतेम दुपारपर्यंत उभी. मे महिन्यात शाळेला सुट्टी. सगळ्यांत कडक उन्हाच्या दिवसांत तुमची गाडी दिवसभर शाळेच्या मैदानात नसेलच. राहिला सोसायटीचा प्रश्न, तिथे मात्र ऊन दिवसभर आहे. ज्यांना बारा महिने, रोज आठ-नऊ तास गाडी उघड्यावर ठेवावी लागते, नागपूर-चंद्रपूरकडे राहतात, सोबत लहान मूल किंवा वयस्क आई-वडील असतात, त्यांना मी फार विचार न करता पांढरी किंवा चंदेरी घ्या असं सांगेन. तुमच्या बाबतीत ऊन हे महत्त्वाचं कारण आहे, निर्णायक नाही.

शिवाय उन्हावर उपाय आहेत आणि ते दोन्ही रंगांना लागतातच. पुढच्या काचेला आतून लावायचा चकाकता सनशेड घ्या, स्वस्त असतो आणि डॅशबोर्डचं भाजणं लगेच कमी होतं. गाडी शक्यतो पुढची काच उत्तरेकडे येईल अशी लावा. निघताना चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, पहिलं अर्धा-एक किलोमीटर मागच्या काचा खाली ठेवून चालवा, गरम हवा बाहेर गेली की मग काचा बंद करून एसी आतल्या हवेवर फिरवा. काचांना गडद फिल्म लावून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, आणि दंड पोलीस तुमच्याकडून घेतात, फिल्म लावणाऱ्या दुकानदाराकडून नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला एखादा कडुलिंब असेल तर त्याची सावली धरा. फक्त त्यावर बगळे-कावळे बसत नाहीत ना, एवढं आधी बघून घ्या. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली की कुठल्याही रंगावर डाग धरते.

यजमानांनी न मांडलेला, पण पांढऱ्याच्या बाजूचा आणखी एक भक्कम मुद्दा आहे: दिसण्याचा. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने २००७ मध्ये गाडीचा रंग आणि अपघात यांचा संबंध तपासला. पांढऱ्याच्या तुलनेत काळ्या, राखाडी, चंदेरी, निळ्या, लाल, हिरव्या गाड्यांना धोका जास्त आढळला आणि पांढऱ्याहून ठळकपणे सुरक्षित असा एकही रंग सापडला नाही. हा फरक मुख्यतः दिवसाउजेडीचा होता. कारण सरळ आहे: डांबरी रस्ता, झाडांच्या सावल्या, काळी माती यांच्यासमोर गडद गाडी उशिरा नजरेत भरते.

तुम्ही मार्चमध्ये सकाळच्या शाळेसाठी सहा-सव्वासहाला निघणार. त्याच काळात उसाचा हंगाम संपत आलेला असतो, रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, समोरून येणारा ओव्हरटेक करायच्या घाईत. अशा अर्धवट उजेडात पांढरी गाडी लवकर दिसते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण मरून घेतलीत तर एक नियम स्वतःला लावून घ्या: सूर्य नीट वर येईपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरायला लागल्यापासून हेडलाइट चालू. नव्या दुचाक्यांना २०१७ पासून इंजिन सुरू झालं की दिवा लागलेलाच असतो, तो याच कारणाने. चालू दिवा कुठल्याही रंगाहून आधी दिसतो.

आणि पांढराही सगळीकडे वाचवत नाही. गणपतीला राजापूरला जाताना अणुस्कुरा घाटाने उतरत असाल, तर भाद्रपदातलं ते धुकं तुम्हाला माहीत आहे. समोरचं वळण हातभर अंतरावर आल्याशिवाय कळत नाही. त्या धुक्यात पांढरी गाडी विरघळून जाते, मरून उलट थोडी उठून दिसते. तिथे रंग कुठलाही असो, हेडलाइट लो बीमवर आणि वेग कमी. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडे जी सवय पडली आहे ती टाळा, कारण मग तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

आता मुलाचं म्हणणं. पांढरी गाडी टॅक्सीसारखी वाटते, असं आजच्या पोरांना वाटणं मी समजू शकते. पुण्यात त्याच्या आजूबाजूला ॲपवर बोलावायच्या गाड्यांपैकी कितीतरी पांढऱ्या असतात. पण हाच रंग त्याच्या आजोबांच्या काळात सरकारी ॲम्बेसेडरचा होता. पांढरी ॲम्बेसेडर गावात शिरली की कलेक्टर आले असं लोक धरून चालत. आजही आपल्याकडे पुढाऱ्यांच्या मोठ्या गाड्या बहुतेक पांढऱ्याच असतात, आणि लग्नात नवरदेवाची गाडी पांढरी असली की घरच्यांना बरं वाटतं. म्हणजे एकाच रंगात कुणाला भाड्याची गाडी दिसते, कुणाला सत्ता, कुणाला शुभ. बघणारा आपल्या अनुभवातून बघतो आणि त्यावर तुमचा काही ताबा नाही. गाडी भाड्याची की घरची हे पाटी सांगते: भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी, तुमच्या गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. मुलाचं मन राखण्यासाठी रंग बदलायची गरज नाही. गाडी तो चालवणार नाही, तुम्ही चालवणार आहात.

शेजारणीच्या मुद्द्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण 'पांढरी मळते' हे सगळेच म्हणतात आणि ते जसं म्हटलं जातं तसं खरं नाही. रोजच्या धुळीच्या बाबतीत पांढरा रंग फार सोशिक आहे. आपल्याकडची कोरडी धूळ फिकट, भुरकट असते, ती पांढऱ्यावर दोन-तीन दिवस डोळ्यांत भरत नाही. मरूनवर मात्र सकाळी पुसलेल्या गाडीवर शाळेत पोहोचेपर्यंत धुळीचा थर दिसतो. बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले पांढरे ठिपके, तेही गडद रंगावर जास्त उठतात. आणि ओरखडे! सोसायटीत रोज गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत, एका फडक्याने चार-पाच गाड्या पुसतो. फडक्यात अडकलेली रेती रंगावर बारीक गोल ओरखडे काढत जाते. वर्षभरात गडद गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसायला लागते. पांढऱ्या गाडीवर तेवढेच ओरखडे असतात, फक्त ते दिसत नाहीत.

पांढऱ्यावर दिसतं ते वेगळं. पहिल्या पावसानंतर बाजूच्या आरशांखालून, दाराच्या हँडलखालून, काचांच्या रबराच्या टोकांपासून काळपट ओघळ उतरतात, आणि गाडी पाच दिवसांपूर्वीच धुतली होती हे कुणाला सांगून पटत नाही. नव्या डांबरी रस्त्यावरून गेलात तर चाकांच्या मागे आणि दारांच्या खालच्या भागात डांबराचे काळे ठिपके बसतात. रेल्वे रुळांजवळ किंवा कारखान्याजवळ गाडी उभी राहत असेल, तर काही महिन्यांनी अंगावर बारीक नारिंगी टिपके दिसतात. गाडी गंजली म्हणून लोक घाबरतात, पण ते बाहेरून येऊन बसलेले लोखंडाचे कण असतात आणि त्यावर मिळणाऱ्या द्रावणाने निघतात. डांबरासाठीही वेगळं द्रावण मिळतं. रॉकेल किंवा पेट्रोलने घासू नका. डाग जातो, पण वरच्या पारदर्शक थराची चमकही जाते.

आणि तुमच्या माहेरची लाल माती. जांभ्याचा तो चिखल पांढऱ्या गाडीच्या दारांपर्यंत चढला की गाडी बघवत नाही. मरूनवर तोच चिखल बराचसा लपतो. सोलापूरची काळी माती चिकट खरी, पण ती धुतली की सुटते. लाल चिखल कडेकोपऱ्यांत वाळून बसला तर पांढऱ्यावर तांबूस छटा बराच काळ रेंगाळते. म्हणून पांढरी घेतलीत तर राजापूरहून निघण्याआधीच नळीने चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या भिजवून धुवून घ्या. वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, रंग कुठलाही असो.

एक छोटी गोष्ट नव्या गाडीच्या पूजेची. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूचा हार, हे सगळं हवंच. फक्त पांढऱ्या गाडीवर ते दोन-दोन दिवस उन्हात वाळू देऊ नका. हळद-कुंकवाचा रंग मागे राहतो. त्याच संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्या. रंगपंचमीलाही हीच काळजी.

पांढऱ्यातले दोन प्रकार तुम्ही विचारलेत, तर माझं मत स्पष्ट आहे: पांढरी घ्यायची ठरली तर साधी पांढरी घ्या. पर्ल सुंदर दिसतो, यात वाद नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याची झाक वेगळी, दुपारी वेगळी. पण साध्या पांढऱ्याला खाली रंग आणि वर पारदर्शक थर एवढंच असतं. पर्लमध्ये त्या दोहोंच्या मध्ये अभ्रकाच्या कणांचा आणखी एक थर असतो, आणि त्याची जाडी जरा कमीजास्त झाली की झाक बदलते. उद्या शाळेच्या फाटकाला बंपर घासला आणि तेवढाच भाग रंगवावा लागला, तर चांगल्या पेंटरलाही शेजारच्या भागाशी जुळवायला शेजारच्या दारापर्यंत रंग ओढून न्यावा लागतो. खर्च वाढतो, आणि तरीही तिरप्या उन्हात फरक दिसू शकतो. साधा पांढरा सगळ्यांत सहज जुळतो, तोही कोड बघून मिसळला तरच. पांढऱ्यातही निळसर, मलईसारखा, राखट अशा छटा असतात. हा कोड गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. ताबा घेतानाच त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मरून जर चमकीचा, म्हणजे मेटॅलिक असेल, तर जुळवण्याची अडचण तिथेही येते, हे मनात धरा.

विम्याचा हप्ता रंगावर ठरत नाही. पण साध्या पॉलिसीत दुरुस्तीच्या वेळी रंगाच्या सामानाचा निम्मा खर्च आणि प्लास्टिकच्या भागांचा निम्मा खर्च घसारा म्हणून तुमच्यावर पडतो. बंपर प्लास्टिकचाच असतो. नव्याने गाडी चालवायला शिकलेल्या माणसाने पहिली काही वर्षं 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारा जादा विमा घ्यावा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

आता दिरांचं म्हणणं. पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, हे खरं आहे. आपल्या देशात सगळ्यांत जास्त विकला जाणारा रंग गेली अनेक वर्षं पांढराच आहे. जुन्या गाडीचा व्यापारीही पांढरी बिनधास्त घेतो, कारण ती कुणालाही चालते. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माणसाला हे कारण पुरेसं आहे. तुमचं तसं आहे का? तुमच्या निवृत्तीला अजून सात-आठ वर्षं आहेत आणि त्यानंतरही हीच गाडी वापरायची, असं तुम्हीच लिहिलं आहे. दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीची किंमत ठरते ती किती किलोमीटर पळाली, सर्व्हिसची नोंद पूर्ण आहे का, आधी किती मालक होते, कुठे ठोकली होती का, यावर. रंगामुळे पडणारा फरक तोवर फार थोडा उरतो. बारा वर्षांनी येणाऱ्या एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी तुम्ही बारा वर्षं स्वतःच्या आवडीला मुरड घालावी, हे मला पटत नाही.

मला वाटतं, तुमच्या मनातली खरी अडचण इथेच आहे. गाडी तुमची, पैसे तुमचे, तरी तुम्हाला काय आवडलं हे घरात कुणी विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नाही. गाडीतलं बायकांना काय कळतं, अशी आपल्या घरांमधली जुनी सवय आहे आणि प्रेमाने वागणारी माणसंही तिच्यातून बोलून जातात. म्हणून पांढरी घ्यायची तर ती तुम्ही निवडलेली पांढरी असू दे. ऊन आणि सकाळचा अंधुक उजेड ही दोन कारणं तुम्हाला स्वतःला पटली, तर पांढरी घ्या आणि आनंदाने घ्या, त्यात तुमची आवड हरली असं काही नाही. दुसऱ्यांनी गप्प बसावं म्हणून मात्र घेऊ नका. तशी घेतलेली गाडी चांगली असली तरी रस्त्यात एखादी मरून गाडी दिसली की तुमची मान वळणार.

माझा कल विचाराल तर मरूनकडे आहे. तुमची गाडी मे महिन्यात शाळेच्या उन्हात नसते, तुम्ही ती दीर्घकाळ ठेवणार आहात, आणि बघताक्षणी आवडणं रोज होत नसतं. फक्त दोन अटी. सोसायटीत शेडचा प्रश्न आधी काढा. चार-पाच घरांनी मिळून वर्गणी काढली आणि सोसायटीची रीतसर परवानगी घेतली, तर पत्र्याची साधी शेड अवघड नाही. आणि रोज पुसणाऱ्या माणसाला स्वतःचे दोन मायक्रोफायबर फडके द्या, किंवा त्याला सांगा की आधी पाणी मारून धूळ सोडवायची, मगच फडका. हे जमणार नसेल, तर गडद गाडी दोन वर्षांत थकलेली दिसते आणि तुम्हालाच वाईट वाटेल.

एक मधला मार्गही विचारून बघा. काही मॉडेलमध्ये अंग एका रंगाचं आणि छत पांढरं असा दुरंगी प्रकार कंपनीकडूनच मिळतो. सगळ्यांत जास्त ऊन छतच खातं, त्यामुळे मरून अंगावर पांढरं छत मिळत असेल तर यजमानांचं आणि तुमचं दोघांचंही म्हणणं राहतं. पैसे थोडे जास्त पडतील. पण 'आता पांढरी घेऊ, नंतर बाहेरून रॅप करून, म्हणजे रंगीत फिल्म चिकटवून, रंग बदलू' असा सल्ला कुणी दिला तर थांबा. आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. रंग बदलला तर आरटीओकडून ती नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं.

राहिला दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी गाडी दारात यावी असं वाटणारच. पण पाडव्याचा मुहूर्त दिवाळीत लगेच मागोमाग येतो, दीड-दोन महिन्यांचं वेटिंग तोवर बहुधा संपतं. फक्त बुकिंग आताच करा, त्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबू नका. आणि आठवड्यात मिळणारी पांढरी ही शोरूमच्या यार्डात उभी असलेली गाडी आहे, हे लक्षात ठेवून दोन प्रश्न विचारा: तिचं उत्पादन कुठल्या महिन्यातलं आहे, आणि ती किती दिवस उन्हापावसात उभी आहे? पांढऱ्या गाडीवरचा पोचा किंवा वाहतुकीत लागून पुन्हा रंगवलेला भाग शोरूमच्या झगमगाटात दिसत नाही. गाडी बाहेर उन्हात आणायला सांगा, दाराच्या बाजूने वाकून, एका डोळ्याने रेषेत बघा, मग पैसे भरा.

दोन्ही रंग एकदा भर दुपारी बाहेर उभे करून बघा, यजमानांना सोबत न्या, दोन्ही गाड्यांत दहा-दहा मिनिटं बसा. यजमानांना उन्हाचा अंदाज येईल, तुम्हाला तुमच्या मनाचा. जे ठरेल ते बुकिंगच्या पावतीवर कंपनीच्या यादीत असलेल्या रंगाच्या पूर्ण नावाने लिहून घ्या. नुसतं 'पांढरा' किंवा 'लाल' लिहिलेलं चालवून घेऊ नका, कारण साधा आणि पर्ल यांत किमतीचा फरक आहे, आणि गडद लाल म्हणून दुसरीच छटा दारात आली तर पावतीशिवाय तुमच्या हातात काही नसेल.